पडद्यापासून सुरुवात : घरच्या गेमिंग संगणकाचे भाग कसे निवडावेत

सुट्या भागांतून संगणक जुळवणे शक्य झाले ते मापे ठरली म्हणून. १९८१ मध्ये आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला, तेव्हा त्याची अंतर्गत रचना खुली ठेवली. त्यामुळे इतर कंपन्यांनाही त्यात बसतील अशी कार्डे बनवता आली. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स ही मापपद्धती आणली आणि मदरबोर्डचा आकार, स्क्रूंच्या जागा, विजेच्या जोडण्या हे सारे ठरून गेले. आज एका कंपनीचा प्रोसेसर, दुसरीचा मदरबोर्ड, तिसरीचे ग्राफिक्स कार्ड आणि चौथीचे कॅबिनेट एकत्र नांदतात ते या ठरलेल्या मापांमुळे.

भाग एकमेकांत बसले म्हणजे ते एकमेकांना साजेसे असतात, असे मात्र नाही. पडद्यावर दिसणारे प्रत्येक चित्र प्रोसेसर, मेमरी, ग्राफिक्स कार्ड आणि टीव्हीची जोडणी या सर्वांमधून वाट काढत येते. यांपैकी जो भाग सर्वांत संथ असेल, तोच अखेरचा वेग ठरवतो. बाकीच्या भागांवर केलेला जादा खर्च त्या कामापुरता वाया जातो. म्हणून यादीची सुरुवात प्रोसेसरपासून करण्याची रूढ पद्धत खेळ आणि चित्रपटांच्या संगणकाला लागू पडत नाही. येथे आधी पडदा ठरतो, पडद्यावरून ग्राफिक्स कार्ड ठरते आणि पुढची प्रत्येक निवड आधीच्या निवडीतून निघते.

पडदा आणि बसण्याचे अंतर

पडद्याचे दोन आकडे महत्त्वाचे आहेत : त्यात किती ठिपके आहेत आणि तो सेकंदाला किती वेळा नवे चित्र दाखवू शकतो. फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २१ लाख ठिपके असतात. १४४०पी पडद्यावर ते सुमारे ३७ लाख होतात आणि ४के पडद्यावर सुमारे ८३ लाख. फुल एचडीवरून ४केवर जाताना ग्राफिक्स कार्डाला दर चित्रामागे चौपट ठिपके रंगवावे लागतात. दुसरा आकडा हर्ट्झमध्ये सांगतात. ६० हर्ट्झच्या पडद्यासाठी एक चित्र तयार करायला १६.७ मिलिसेकंद मिळतात, तर १२० हर्ट्झसाठी केवळ ८.३.

हे ठिपके डोळ्याला किती दिसतात, ते अंतरावर अवलंबून असते. निकोप डोळा साधारण एक कलामिनिट, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाइतका फरक ओळखतो. ५५ इंची टीव्हीची रुंदी सुमारे १२२ सेंटिमीटर असते. ४केमध्ये त्याचा एक ठिपका ०.३२ मिलिमीटरचा भरतो आणि तो सुमारे १.१ मीटरच्या आत बसले तरच वेगळा ओळखू येतो. त्याच आकाराच्या पडद्यावर फुल एचडीचे ठिपके सुमारे २.२ मीटरच्या पलीकडे एकमेकांत मिसळून जातात. दिवाणखान्यात सोफा आणि टीव्ही यांच्यात अडीच मीटरचे अंतर असेल, तर खेळ १४४०पीमध्ये रंगवून ४केपर्यंत वाढवला तरी चित्र नीटस दिसते. टेबलावरच्या मॉनिटरपासून डोळा साठ-सत्तर सेंटिमीटरवर असतो. तेथे २७ इंचांच्या पडद्यावर फुल एचडीचे ठिपके जाणवतात आणि १४४०पीचा उपयोग खरोखर होतो.

१२० हर्ट्झचा टीव्ही खेळाइतकाच चित्रपटांनाही लाभतो. चित्रपट सेकंदाला २४ चित्रांनी चित्रित होतात. ६० ला २४ ने पूर्ण भाग जात नाही, त्यामुळे ६० हर्ट्झच्या पडद्यावर एक चित्र तीनदा, पुढचे दोनदा असे दाखवावे लागते आणि कॅमेरा संथ फिरत असताना हलकी थरथर दिसते. १२० ला २४, ३० आणि ६० या तिन्हींनी भाग जातो. प्रत्येक चित्र सारखाच वेळ पडद्यावर राहते आणि ही थरथर नाहीशी होते.

टीव्ही घेताना तीन गोष्टी तपासाव्यात. ४के आणि १२० हर्ट्झ एकत्र हवे असतील, तर एचडीएमआय २.१ जोडणी लागते. तिची क्षमता सेकंदाला ४८ गिगाबिट असते, तर जुन्या एचडीएमआय २.० ची १८ गिगाबिट असून ती ४केला ६० हर्ट्झपर्यंतच पुरते. पुष्कळ टीव्हींमध्ये चारपैकी दोनच खाचा २.१ च्या असतात आणि त्यांतली एक साउंडबारसाठीच्या ईआर्क जोडणीत अडकू शकते. दुसरी गोष्ट व्हीआरआरची. या सोयीमुळे पडदा ग्राफिक्स कार्डाच्या वेगाशी आपला वेग जुळवून घेतो, म्हणून वेग खालीवर झाला तरी चित्र फाटल्यासारखे दिसत नाही. तिसरी गोष्ट गेम मोड. टीव्ही चित्रावर करत असलेले संस्कार तो बंद करतो आणि बटण दाबल्यापासून हालचाल दिसेपर्यंतचा विलंब कमी होतो.

ग्राफिक्स कार्ड

खेळांसाठीच्या संगणकात सर्वांत मोठा खर्च ग्राफिक्स कार्डावर व्हावा. एकूण रकमेचा ३५ ते ४५ टक्के वाटा येथे गेला तर तोल साधतो. कार्ड निवडताना पडदा समोर ठेवावा : फुल एचडीसाठी प्रारंभिक श्रेणी, १४४०पीसाठी मधली, आणि कमी ठिपक्यांतले चित्र वाढवण्याची अपस्केलिंगची सोय न वापरता ४के हवे असेल तर वरची.

कार्डावरची मेमरी हा वेगाइतकाच निर्णायक घटक आहे. सोनीचा प्लेस्टेशन ५ आणि मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स सिरीज एक्स हे दोन्ही कन्सोल नोव्हेंबर २०२० मध्ये आले. दोहोंत १६ जीबी मेमरी असून ती प्रोसेसर आणि ग्राफिक्स यांच्यात वाटली जाते. मोठे खेळ या मर्यादेत बसतील असे घडवले जातात आणि मग संगणकासाठी आणखी तपशिलाने सजवले जातात. त्यामुळे ८ जीबीचे कार्ड आज नव्या खेळांत तोकडे पडू लागले आहे. मेमरी भरली, की पृष्ठभागांची चित्रे मुख्य रॅममधून ओढून आणावी लागतात. एएमडीच्या १६ जीबीच्या रेडिऑन आरएक्स ९०६० एक्सटी या कार्डाची स्वतःची मेमरी सेकंदाला ३२० जीबी माहिती पुरवते, तर सोळा वाहिन्यांच्या पीसीआयई ४.० या मार्गावरून सेकंदाला जेमतेम ३२ जीबी येते. हा दहापट फरक पडद्यावर अधूनमधून बसणाऱ्या झटक्यांच्या रूपाने दिसतो. म्हणून पाचसहा वर्षे वापरायच्या कार्डात १२ जीबी किमान आणि १६ जीबी योग्य मानावी.

अपस्केलिंगने गेल्या काही वर्षांत कार्डांची निवड बदलून टाकली आहे. एनव्हिडियाने २०१८ मध्ये आरटीएक्स २० मालिकेबरोबर डीएलएसएस आणले, तर एएमडीचे एफएसआर २०२१ मध्ये आले. यात खेळ कमी ठिपक्यांत रंगवला जातो आणि आधीच्या चित्रांतली माहिती वापरून मोठे चित्र तयार केले जाते. इंटेलच्या आर्क कार्डांसाठी एक्सईएसएस ही अशीच सोय आहे. टीव्हीवर खेळणाऱ्याला याचा विशेष फायदा होतो, कारण अंतरामुळे उरलासुरला फरकही दिसत नाही. चित्रांच्या मध्ये नवी चित्रे घालणारी फ्रेम जनरेशनची सोय मात्र वेगळी समजावी. तिने हालचाल गुळगुळीत दिसते, पण बटणाला मिळणारा प्रतिसाद जलद होत नाही.

चित्रपट पाहण्यासाठी कार्डात व्हिडिओ उलगडणारा स्वतंत्र विभाग असतो. एच.२६४, २०१३ मध्ये प्रमाणित झालेला एचईव्हीसी आणि २०१८ मध्ये आलेला एव्ही१ हे तिन्ही प्रकार त्याला हाताळता आले पाहिजेत. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३० मालिकेपासून आणि इंटेलच्या आर्क कार्डांत एव्ही१ आहेच. स्वस्तातले कार्ड घेताना मात्र सावध राहावे : २०२२ च्या रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटीमध्ये एव्ही१ उलगडण्याची सोय नाही. जे काम हा विभाग मोजक्या वॉटमध्ये उरकतो, तेच मग प्रोसेसरवर पडते, त्याचे पंखे फिरू लागतात आणि शांत प्रसंगात घरघर ऐकू येते.

वेगळे कार्ड न घेण्याचाही पर्याय आहे. चित्रपट, गाणी आणि हलके किंवा जुने खेळ एवढीच गरज असेल, तर प्रोसेसरमधील अंगभूत ग्राफिक्स पुरते. २०२४ मध्ये आलेल्या एएमडीच्या रायझन ७ ८७००जीमध्ये त्यांतल्या त्यात समर्थ ग्राफिक्स आहे. त्याची मर्यादा मेमरीची आहे. स्वतंत्र मेमरी नसल्याने त्याला मुख्य रॅमवर भागवावे लागते आणि डीडीआर५ ६००० च्या दोन पट्ट्या मिळून सेकंदाला ९६ जीबीच पुरवतात.

प्रोसेसर

खेळात प्रोसेसर पात्रांच्या हालचाली, टकरा, आवाज आणि खेळाचे नियम यांचा हिशेब करतो आणि काय रंगवायचे त्याच्या सूचना ग्राफिक्स कार्डाला देतो. पडद्यावर किती ठिपके आहेत याच्याशी या कामाचा फारसा संबंध नसतो. त्यामुळे ठिपके वाढले की भार कार्डावर वाढतो आणि चित्रांचा वेग वाढवायचा म्हटले की तो प्रोसेसरवर वाढतो. ४के टीव्हीवर ६० ते १२० चित्रे हवी असणाऱ्याला मध्यम प्रोसेसर पुरतो. २४० हर्ट्झच्या मॉनिटरवर स्पर्धात्मक खेळ खेळणाऱ्याला मात्र वरचा प्रोसेसर घ्यावा लागतो.

वर उल्लेख केलेल्या दोन्ही कन्सोलमध्ये एएमडीच्या झेन २ रचनेचे आठ गाभे (कोअर) आहेत. आजच्या रचनेचे सहा गाभे त्या आठांपेक्षा सरस काम करतात. म्हणून रायझन ५ ७६०० किंवा त्याच्या तोडीचा सहा गाभ्यांचा प्रोसेसर बहुतेक घरांसाठी योग्य आरंभ ठरतो. खेळासोबत प्रक्षेपण किंवा व्हिडिओ संपादनही होणार असेल तर आठ गाभे घ्यावेत. त्यापुढच्या गाभ्यांचा खेळांना क्वचितच उपयोग होतो.

गाभ्यांपेक्षा कॅश मेमरीने खेळांत अधिक फरक पडतो. मुख्य रॅममधून माहिती यायला सत्तर-ऐंशी नॅनोसेकंद लागतात, तर प्रोसेसरच्या आतल्या एल३ कॅशमधून ती दहाएक नॅनोसेकंदांत मिळते. एएमडीने एप्रिल २०२२ मध्ये रायझन ७ ५८००एक्स३डीमध्ये कॅशचा एक थर प्रोसेसरवर चढवला आणि एल३ ची क्षमता ३२ वरून ९६ एमबी केली. नोव्हेंबर २०२४ च्या ९८००एक्स३डीमध्ये हाच थर गाभ्यांच्या खाली गेला, त्यामुळे गाभ्यांची उष्णता थेट कूलरकडे जाऊ लागली. वेगवान मॉनिटर असेल तर ही जादा कॅश पैसे वसूल करते. ४के टीव्हीवर तोच पैसा कार्डात घालणे शहाणपणाचे.

नावातली अक्षरे नीट वाचावीत. इंटेलच्या नावाअखेर ‘एफ’ असेल तर अंगभूत ग्राफिक्स नसते. रायझन ५ ७५००एफमध्येही ते नाही. अंगभूत ग्राफिक्स लहान असले तरी कार्ड दुरुस्तीला गेल्यावर संगणक सुरू राहतो आणि इंटेलच्या क्विक सिंकसारखा व्हिडिओ विभाग घरातल्या इतर पडद्यांना चित्रपट पुरवण्याच्या कामी येतो. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीतले डेस्कटॉप प्रोसेसर जुने घ्यायचे असल्यास एक इतिहास माहीत असावा. वाजवीपेक्षा जास्त व्होल्टेजमुळे त्यांतले काही अस्थिर होत असल्याचे २०२४ मध्ये स्पष्ट झाले, इंटेलने दुरुस्त मायक्रोकोड दिला आणि हमी दोन वर्षांनी वाढवली. असा प्रोसेसर वापरताना मदरबोर्डचे बायोस अद्ययावत असलेच पाहिजे.

मदरबोर्ड

प्रोसेसर ठरला की तो ज्या खाचेत बसतो ते सॉकेट ठरते. एएमडीचे एएम५ सॉकेट २०२२ मध्ये आले आणि त्यावर केवळ डीडीआर५ चालते. इंटेलचे २०२१ चे एलजीए १७०० डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोन्ही प्रकारच्या मदरबोर्डांवर मिळते, तर २०२४ च्या एलजीए १८५१ वर डीडीआर५ च चालते. सॉकेटचे आयुष्य लांब असेल, तर पुढे फक्त प्रोसेसर बदलून भागते. एएम५ आधीच्या एएम४ च्या २०१७ मधल्या अनेक मदरबोर्डांवर बायोस अद्ययावत करून २०२२ चा ५८००एक्स३डी बसवता आला, हे त्याचे उत्तम उदाहरण.

मदरबोर्ड महाग घेतल्याने खेळ वेगाने चालत नाहीत. बी६५०, बी८५० किंवा बी७६० चिपसेटचा मधल्या किमतीचा बोर्ड पुरेसा असतो. पाहायचे ते एवढेच : प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या व्हीआरएम भागांवर धातूचे उष्णताशोषक असावेत, एम.२ च्या किमान दोन खाचा असाव्यात, दिवाणखान्यात केबल नेणे अवघड असेल तर वाय-फाय आणि ब्लूटूथ बोर्डवरच असावे, आणि मागे यूएसबीच्या पुरेशा खाचा असाव्यात. प्रोसेसर बसवण्याआधीच पेन ड्राइव्हवरून बायोस बदलण्याची सोय असेल तर उत्तम, कारण दुकानात पडून राहिलेल्या बोर्डावर नवा प्रोसेसर कधी कधी सुरूच होत नाही.

रॅम

आज १६ जीबी रॅमवर बहुतेक खेळ चालतात, पण ब्राउझर आणि मीडिया सर्व्हर मागे सुरू ठेवायचे असतील तर ३२ जीबी घ्यावी. ती एका पट्टीत न घेता १६ जीबीच्या दोन पट्ट्यांत घ्यावी, म्हणजे दोन्ही मार्ग एकाच वेळी चालतात आणि माहितीचा पुरवठा दुप्पट होतो. चार खाचांच्या बोर्डावर या पट्ट्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवतात.

एएम५ वर डीडीआर५ ६००० हा वेग किंमत आणि कामगिरी यांचा चांगला मेळ घालतो. पट्टीवर छापलेला वेग आपोआप मिळत नाही. बायोसमध्ये जाऊन एक्स्पो किंवा एक्सएमपी हा पर्याय सुरू करावा लागतो. हे न केल्याने कित्येक संगणक वर्षानुवर्षे कमी वेगाने चालत राहतात. मेमरी चिपच्या किमती जागतिक मागणीनुसार झपाट्याने चढतात-उतरतात. २०२५ च्या अखेरीस एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे त्या कडाडल्या. अशा काळात ३२ जीबी परवडत नसेल, तर १६ जीबीची पट्टी एक घेऊन नंतर दुसरी जोडण्यापेक्षा ८ जीबीच्या दोन जुळ्या पट्ट्या घेणे खेळांसाठी बरे.

साठवण

खेळ आणि चित्रपट यांची साठवण दोन वेगळ्या प्रकारची असावी. खेळ सुरू असताना हजारो लहान फाइली विखुरलेल्या जागांवरून वाचाव्या लागतात. तेथे एनव्हीएमई एसएसडी हवीच. २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब अशी एम.२ पट्टी थेट मदरबोर्डवर बसते. साटा जोडणीची एसएसडी सेकंदाला सुमारे ५५० एमबी वाचते, पीसीआयई ३.० ची सुमारे ३५०० आणि ४.० ची सुमारे ७०००. पीसीआयई ५.० वर हा आकडा १४००० पर्यंत जातो, पण खेळ उघडण्याच्या वेळेत त्याचा फरक फारच थोडा पडतो आणि पट्टी तापते ती वेगळीच. मोठे खेळ शंभर जीबीच्याही पुढे जातात, म्हणून १ टीबी किमान आणि २ टीबी सोयीची.

चित्रपटांचे गणित उलट आहे. अल्ट्रा एचडी ब्लू-रे डिस्कवरचा चित्रपट सेकंदाला फार तर पंधरा-वीस एमबी या वेगाने वाचला जातो. साधी हार्ड डिस्कही सेकंदाला दीडशे एमबीच्या पुढे देते. त्यामुळे चित्रपट आणि घरचे व्हिडिओ हार्ड डिस्कवर ठेवण्यात काहीच तोटा नाही आणि प्रति टीबी खर्च बराच कमी येतो. फोनवर ४के, ६० चित्रांच्या वेगाने केलेले चित्रण मिनिटाला सुमारे ४०० एमबी जागा घेते. लग्नाचे, बारशाचे, सहलींचे व्हिडिओ साठत गेले की ४ ते ८ टीबी लवकरच भरतात. या गोष्टी पुन्हा विकत मिळत नाहीत, म्हणून त्यांची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर आणि शक्य तर घराबाहेर ठेवावी. डिस्क घेताना तिच्यात माहितीचे पट्टे शेजारी शेजारी लिहिण्याची सीएमआर पद्धत आहे ना ते पाहावे. एकमेकांवर चढवलेल्या एसएमआर पट्ट्यांच्या डिस्कवर मोठ्या फाइली सलग लिहिताना वेग घसरतो.

एसएमपीएस, अर्थिंग आणि यूपीएस

काटकसर करताना पहिली कात्री एसएमपीएसला लागते आणि तीच सर्वांत महाग पडते. हा भाग घरातली २३० व्होल्ट वीज १२ व्होल्टमध्ये बदलून सर्वांना पुरवतो. त्यात दोष उद्भवला तर त्याच्याबरोबर बाकीचे भागही जळू शकतात.

क्षमता ठरवण्यासाठी बेरीज करावी. उदाहरणार्थ, रायझन ५ ७६०० ची कमाल ओढ सुमारे ८८ वॉट, आरटीएक्स ५०७० ची २५० वॉट, उरलेल्या सर्वांची पन्नास-साठ वॉट. एकूण चारशेच्या घरात. ग्राफिक्स कार्ड क्षणभर याहून बरीच अधिक वीज ओढते, म्हणून ६५० ते ७५० वॉटचा एसएमपीएस योग्य. ८० प्लस ही प्रमाणपत्रे २००४ पासून दिली जातात. ब्राँझ आणि गोल्ड या त्यांतल्या नेहमीच्या पातळ्या असून त्या किती वीज उष्णतेत वाया जाते एवढेच सांगतात. पुरवठा किती स्थिर आहे आणि संरक्षक सर्किट आहेत की नाहीत, ते तज्ज्ञ परीक्षणांतून तपासावे लागते.

२०२२ च्या एटीएक्स ३.० मापपद्धतीने ६०० वॉटपर्यंत वीज नेणारा सोळा पिनांचा जोड आणला. त्याच वर्षी आरटीएक्स ४०९० कार्डांवर हा जोड वितळल्याच्या घटना पुढे आल्या. तो पूर्ण आत न बसणे हे त्यामागचे एक प्रमुख कारण आढळले. २०२३ मध्ये १२व्ही-२x६ हा सुधारित जोड आला. तो बसवताना शेवटपर्यंत दाबावा आणि जोडालगत वायर एकदम वाकवू नये.

भारतीय घरांत अर्थिंगकडे स्वतंत्र लक्ष द्यावे लागते. एसएमपीएसमधला गाळणी करणारा भाग कॅबिनेटच्या पत्र्याशी जोडलेला असतो. अर्थिंग नसेल तर पत्र्यावर जवळपास निम्मा व्होल्टेज उभा राहतो आणि हात लावल्यावर मुंग्या येतात. त्याच अवस्थेत एचडीएमआय केबल लावली, तर टीव्हीची किंवा कार्डाची खाच निकामी होऊ शकते. जुन्या घरात संगणक बसवण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घेणे हा या यादीतला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाचा खर्च आहे.

वीज वारंवार जात असेल तर यूपीएस लागतो. बाजारातला ६०० व्हीए यूपीएस सहसा ३६० वॉटच देतो. वरच्या संगणकाला तो खेळ चालू असताना पुरणार नाही. १००० ते ११०० व्हीएचा, शक्य तर शुद्ध साइन वेव्ह देणारा यूपीएस घ्यावा. त्याचा उद्देश खेळत राहणे हा नसून काम जतन करून संगणक नीट बंद करणे हा आहे.

उष्णता, आवाज आणि कॅबिनेट

कोणताही पंख्याचा कूलर भागांचे तापमान खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. प्रोसेसर खोलीपेक्षा ५० अंशांनी तापत असेल, तर २२ अंशांच्या खोलीत तो ७२ वर राहील आणि ४० अंशांच्या खोलीत ९० वर जाईल. रायझन ७००० मालिकेतल्या बहुतेक प्रोसेसरांची मर्यादा ९५ अंश आहे. तेथे पोहोचल्यावर ते स्वतःचा वेग उतरवतात. थंड देशांतली परीक्षणे वाचताना विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकाने हा फरक धरूनच हिशेब करावा. सोबत मिळणाऱ्या छोट्या कूलरऐवजी उष्णतावाहक नळ्यांचा उभा कूलर घेतल्यास अशा हवेत दिलासा मिळतो. द्रवशीतन मध्यम संगणकाला आवश्यक नाही आणि त्यातला पंप काही वर्षांनी झिजतो.

दिवाणखान्यात आवाज कळीचा ठरतो. पंख्याचा वेग निम्मा केला की आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. म्हणून थोडे लहान पंखे जोरात फिरवण्यापेक्षा १२० किंवा १४० मिलिमीटरचे मोठे पंखे संथ फिरवावेत. समोर जाळी असलेले, दोन पंखे हवा आत घेणारे आणि एक बाहेर टाकणारे कॅबिनेट चांगले. आत येणारी हवा जास्त राहिली की फटींतून धूळ शिरत नाही. आपल्याकडच्या धुळीत समोरची आणि खालची गाळणी काढून धुता आली पाहिजे. टीव्हीखालच्या बंद कपाटात संगणक ठेवू नये. तीच गरम हवा पुन्हा पुन्हा आत जाते.

कॅबिनेट शेवटी निवडण्याचे कारण मापांत आहे. एटीएक्स बोर्ड ३०५ गुणिले २४४ मिलिमीटरचा, मायक्रो एटीएक्स २४४ गुणिले २४४ चा आणि मिनी आयटीएक्स १७० गुणिले १७० चा असतो. दिवाणखान्यासाठी मायक्रो एटीएक्स जागा आणि किंमत या दोन्ही दृष्टींनी सोयीचा. मिनी आयटीएक्स देखणा दिसतो, पण बोर्ड, एसएमपीएस आणि कॅबिनेट तिन्ही महाग पडतात. घेण्याआधी तीन मापे पडताळावीत : कार्डाची लांबी आणि जाडी, कूलरची उंची आणि एसएमपीएसची लांबी.

ऑपरेटिंग सिस्टीम

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, म्हणून नव्या जुळणीत विंडोज ११ किंवा लिनक्स हेच पर्याय उरतात. स्टीमचे प्रोटॉन २०१८ मध्ये आल्यापासून विंडोजचे बहुसंख्य खेळ लिनक्सवर चालू लागले, पण फसवणूक रोखण्यासाठी विंडोजच्या गाभ्यात शिरणारी प्रणाली वापरणारे बरेच ऑनलाइन खेळ तेथे चालत नाहीत. टीव्हीला जोडायच्या संगणकात आणखी एक अडचण आहे : एचडीएमआय फोरमने २०२४ मध्ये एएमडीच्या खुल्या लिनक्स ड्रायव्हरमध्ये एचडीएमआय २.१ आणण्यास नकार दिला. लिनक्स आणि रेडिऑन यांची जोडी करायची असेल, तर हे आधी ध्यानात घ्यावे.

सशुल्क सेवांवर ४के चित्र पाहायचे असेल तर पडदा, केबल आणि कार्ड या तिन्हींना एचडीसीपी २.२ हे संरक्षण लागते. ब्लू-रे ड्राइव्ह बसवण्याचा विचार असेल, तर अल्ट्रा एचडी डिस्कचे अधिकृत प्लेअर इंटेलच्या एसजीएक्स या सुविधेवर अवलंबून होते आणि इंटेलने ती ११ व्या पिढीपासून डेस्कटॉप प्रोसेसरांतून काढली. म्हणून नव्या संगणकात ड्राइव्ह बसवण्यापेक्षा वेगळा डिस्क प्लेअर घेणे सोपे. घरातल्या फाइलींसाठी कोडी आणि जेलीफिन ही विनामूल्य सॉफ्टवेअरे उत्तम आहेत : कोडी त्याच संगणकावर चित्रपट दाखवते, तर जेलीफिन ते घरातल्या फोन आणि टॅबवरही पोहोचवते.

एक नमुना जुळणी आणि खरेदी

अडीच मीटरवर ५५ इंची, ४के, १२० हर्ट्झचा टीव्ही धरून यादी केली तर ती अशी येते : १२ ते १६ जीबी मेमरीचे आणि २२० ते २५० वॉटचे ग्राफिक्स कार्ड, सहा गाभ्यांचा रायझन, मायक्रो एटीएक्स बी६५० किंवा बी८५० बोर्ड, डीडीआर५ ६००० च्या १६ जीबीच्या दोन पट्ट्या, १ ते २ टीबी एनव्हीएमई, चित्रपटांसाठी हार्ड डिस्क, ७५० वॉटचा गोल्ड एसएमपीएस, उभा कूलर आणि जाळीचे कॅबिनेट. खेळ चालू असताना हा संगणक सुमारे ३५० वॉट वापरेल, म्हणजे तीन तासांत साधारण एक युनिट. रक्कम कमी पडत असेल तर काटछाट ठरलेल्या क्रमाने करावी : आधी शोभेचे दिवे आणि काचेचे कॅबिनेट, मग बोर्डाची श्रेणी, मग साठवण, कारण ती नंतर सहज वाढवता येते. एसएमपीएस आणि कार्डावरची मेमरी यांना हात लावू नये.

सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी लागतो. बिलाशिवाय मिळणारी सवलत हमीच्या वेळी उलटते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घ्या किंवा घरबसल्या मागवा, बिलावर प्रत्येक भागाचा अनुक्रमांक आणि ती वस्तू भारतातल्या हमीची आहे याची खात्री हवी. परदेशातून आणलेले स्वस्त कार्ड बिघडले तर ते कोण दुरुस्त करणार, हे आधीच विचारावे. प्रोसेसर पेटीबंद घ्यावा. एसएमपीएसला पाच ते दहा वर्षांची हमी असेल तर त्याच्या आतल्या भागांवर बनवणाऱ्याचाच भरवसा आहे असे समजावे.

जुळणी झाल्यावर परत करण्याची मुदत संपण्याआधी चाचण्या कराव्यात. एक रात्र मेमरी तपासणारे सॉफ्टवेअर चालवावे, तासभर जड खेळ चालवून प्रोसेसर आणि कार्डाचे तापमान नोंदवावे, रॅम छापील वेगाने चालते ना ते पाहावे, आणि टीव्हीच्या माहितीफलकावर ४के व १२० हर्ट्झ ही अक्षरे खरोखर उमटतात याची खात्री करावी. पुढे कधी वेग कमी वाटू लागला, तर नवा भाग घेण्याआधी खेळ चालू असताना ग्राफिक्स कार्डाचा वापर पाहावा. तो शंभर टक्क्यांच्या जवळ असेल तर कार्ड बदलण्याची वेळ आली आहे. तो सत्तर-ऐंशीवर रेंगाळत असेल आणि चित्रांच्या संख्येवर कोणतीही मर्यादा घातलेली नसेल, तर अडथळा बहुधा प्रोसेसर किंवा रॅममध्ये आहे.